धुऱ्यावरचा दगड

धर्मपाल गेले आणि आठवडा सरायच्या आत त्यांच्या घरामागचा दगड शेंदरी झाला.

त्यांची मुलगी दीपा सकाळी परसात तोंड धुवायला गेली, तेव्हा तिला तो दिसला. घरामागे दोन कडुनिंब, पलीकडे शेजारी विठ्ठलरावांचं तुरीचं वावर, आणि मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तो काळा दगड, अर्धा जमिनीत, अर्धा वर. उंची गुडघ्याएवढीही नाही. माथा घासून गुळगुळीत झालेला, मधे किंचित दबलेला, एका अंगाला उतार. बाबांनी वस्तीतलं जुनं घर सोडून रोडलगत हे घर बांधलं तेव्हापासून ती तो पाहत आली होती, म्हणजे रोजच्या वाटेवरचा विजेचा खांब आपण पाहतो तितपत. आता माथ्यावर तेलात कालवलेला शेंदूर थापलेला होता, बोटांचे ठसे दिसावेत इतका ताजा. पुढ्यात नारळाची अर्धी वाटी आणि विझलेली उदबत्ती.

तिच्या हातातला ब्रश हातातच राहिला.

ज्या घरामागे हे झालं ते घर कुणाचं, हे सांगायला हवं. धर्मपाल दिग्रसच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. ड्युटी संपली की ऑइलने माखलेली खाकी उतरवायची, पांढरा शर्ट अंगात चढवायचा आणि सुटीच्या दिवशी आसपासच्या वस्त्यांमध्ये जाऊन बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. छप्पन सालानंतर लोकांनी धम्म घेतला होता खरा, पण कित्येक घरांत कोनाड्यात जुने देव तसेच होते, पुढे पडदा ओढलेला. धर्मपाल तो पडदा बाजूला करायचे. भांडायचे नाहीत, भाषण द्यायचे नाहीत. "हा तुमचा सोबती आहे की मालक?" एवढं विचारून उत्तराची वाट पाहत बसायचे. चहा थंड होऊन जायचा. शेवटी घरातलं कुणीतरी उठायचं, देव फडक्यात बांधायचं आणि अरुणावतीत सोडून यायचं. असे किती कोनाडे रिकामे झाले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण दिग्रस तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये त्यांचं नाव निघालं की लोक सावरून बसत.

आणि हाच माणूस रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन मागे जायचा आणि त्या दगडावर ओतायचा. सगळ्यांनी ते पाहिलं होतं. का, असं कुणी विचारलं नव्हतं. दीपानेही नाही.

ती यवतमाळच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. विचारसरणी हा धडा आला की ती मुलांना सांगायची, की माणूस जग सरळ बघत नाही, डोळ्यांवर चष्मा असतो आणि तो आहे हेच त्याला कळत नाही. एकदा सुटीत हे तिने बाबांना मोठ्या हौसेने सांगितलं. त्यांनी आपला जाड भिंगांचा चष्मा काढून हातात धरला आणि तिच्याकडे मिचमिच्या डोळ्यांनी पाहिलं. "आता काढला. मले तर तूबी दिसून नाही राह्यली," म्हणाले आणि स्वतःशीच हसत राहिले.

दुपारी रोशन आला. हा तिचा चुलतभाऊ, विहार समितीचा अध्यक्ष. घरात पाय ठेवायच्या आधीच त्याने फोन पुढे केला.

"ताई, हे पाय."

फोटोत तोच दगड होता, शेंदूर लावलेला. बाजूला बाबांचा जुना फोटो चिकटवला होता, पाठमोरा, हातात तांब्या. खाली लिहिलं होतं : आयुष्यभर देव नाही म्हणणारे काका रोज मुंज्याची पूजा करत होते. शेवटी श्रद्धाच खरी.

"तालुकाभर फिरून राह्यला हे," रोशन म्हणाला. "उद्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. पुसदहून लोकं येतीन, यवतमाळहून येतीन. विहाराच्या सभागृहाले काकाचं नाव द्याचं उद्याच जाहीर करणार होतो आपण. अन् घरामागं हा लाल दगड!"

"शेंदरी," दीपा म्हणाली.

"काय?"

"लाल नाही. शेंदरी आहे."

रोशन तिच्याकडे बघतच राहिला. दुःखाने माणसाचं डोकं जागेवर राहत नाही, असं काहीतरी त्याने मनाशी धरलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "मी सकाळी पोट्टे घेऊन येतो. पहारीनं उपटतो अन् नाल्यात टाकतो. तू फक्त हो म्हण."

"बाबा त्याच्यावर पाणी कशाला टाकायचे, माहीत आहे तुला?"

"पाखरांसाठी," तो लगेच म्हणाला. "वरतून दबलेला आहे न तो, पाणी साचते. उन्हाळ्यात साळुंक्या येतात. करुणा पुस्तकात नसते, हातात असते, असं काका नेहमी म्हणत."

"हे पाणी पाखरांसाठी आहे, असं म्हणाले होते?"

रोशन अडखळला. "तसं नाही म्हणले. पण दुसरं काय असन?"

मग तो दारातच खाली बसला. फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "ताई, मायचे देव मीच नदीत सोडले. काका आमच्या घरी बसून होते तवा. माय नंतर मरेपर्यंत त्या रिकाम्या कोनाड्याकडं पाठ करून जेवली. एक शबद बोलली नाही त्यावर. मी म्हणलो, जाऊ दे, बरोबर तेच केलं आपण. आता लोकं मले विचारतीन, का तुह्या काकानं सोताचा ठेवला होता. मंग मी काय केलं, सांग?"

दीपाने त्याला पाणी दिलं.

तो गेला तशी आतून आत्या बाहेर आली. तुळसाबाई, धर्मपालांची थोरली बहीण. संध्याकाळची वंदना तोंडपाठ, पालीचा एक शब्द चुकायची नाही. हातात तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली होती.

"पाखरं म्हणे!" ती भिंतीला टेकून सोलायला बसली. "पाखरं नाही अन् काही नाही. मायची मरीमाय व ते."

"कोणाच्या आईची?"

"आमच्या. बाप नागपुराहून दीक्षा घेऊन आला, अन् घरातले सारे देव पाटीत भरले. मायनं एक लपवला. चुलीमागं पुरला. धर्मा तवा रांगत होता, पण पुढं मायनंच त्याले सांगतलं. माय मेली तवा त्यानं तो काढला. म्हणे, टाकून देतो. टाकला का? जुनं घर सोडताना बैलबंडीत घालून इथं आणला."

"आत्या, एवढा मोठा दगड चुलीमागे पुरला?"

"तवा लहान होता."

"दगड?"

"मले लहान दिसे बाप्पा. मीच कितीशी होती."

"लहानपणी वस्तू मोठी दिसते आत्या, लहान नाही."

"तुम्हा शिकल्या-सवरल्यांले दिसत असन." आत्याने शेंग कचकन फोडली. "त्याले उपटू नको देऊ, एवढंच सांगतो. घरात आजार शिरते. अन् दुसरं, धर्माची कापडं कवा काढशीन तू? गेल्या माणसाची कापडं अशी घरात ठेवत नसतात. तो शर्ट तर तू पिशवीत लपवून ठेवला. मले दिसत नाही का?"

शर्ट दीपाने खरंच ठेवला होता. शेवटच्या दिवशी अंगात होता तोच, पांढरा, न धुतलेला. पिशवीचं तोंड उघडलं की खोबरेल तेलाचा, विडीचा आणि बाबांचा वास यायचा. ती पिशवी रोज एकदाच उघडायची आणि पटकन बंद करायची, वास सरून जाऊ नये म्हणून. समाजशास्त्रात याला काय म्हणतात ते तिला माहीत होतं. माहीत असून काही उपयोग नव्हता.

ऊन उतरल्यावर ती मागे गेली. विठ्ठलराव धुऱ्याशी उभे होते, तुरीच्या फांद्या वाकवून शेंगा पाहत. त्यांचा नातू अंकुर थोडा लांब उभा, तिला पाहून आणखी लांब सरकला.

"काका, हा दगड कोणाचा आहे?"

"धुऱ्याचा व पोरी. माह्या बापानं गाडलेला. धुरा कोरू नये कोणी म्हणून."

"मग बाबा पाणी का टाकायचे?"

"मले दाखवाले!" विठ्ठलराव हसले. "एक साल वखर जरा इकडं सरकला माह्या हातून. धुरा कोरला गेला हातभर. दुसरा असता तर तलाठ्याकडं धावला असता. तुहा बाप तोंडातून शबद काढे नाही. दुसऱ्या दिवसापासून तांब्या घेऊन हजर. दगडावर पाणी टाके, माह्याकडं पाहे, अन् म्हणे, 'जयभीम विठ्ठलराव!' म्हणजे पाय बाबू, दगड इथं आहे, अन् मी पाहून राह्यलो. असा खवट माणूस." त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. "आता कोणाले भ्याचं मी?"

"आजोबा, असं नाही आहे ते," अंकुर लांबूनच म्हणाला.

"तू बोलू नको बे. तुहं रंगकाम पायलं मी."

दीपाने त्याच्याकडे पाहिलं. पोरगा उंच, काटक, कानात वारं शिरल्यासारखा चुळबुळत उभा होता. "तू लावलास?"

"हो ताई. पण फोटो मी नाही फिरवला. मी फक्त आमच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून कोणी उचलला." त्याने मान खाली घातली. "मी रोज पहाटे रनिंगले जायचो, पोलीस भरतीच्या. काका इथं पाणी टाकत असायचे. मैदानी परीक्षा होती त्या दिवशी मले पाहून त्यांनी हात वर केला. मी पास झालो. आता काका गेले, तर याची पूजा कोण करन? म्हणून लावला."

"हात वर केला म्हणजे?"

"आशीर्वाद. दुसरं काय?"

दुसरं काय. रोशनही हेच म्हणाला होता.

दीपा घरात आली आणि चुलीपाशी बसून राहिली. चौघांनी सांगितलेलं तिने एकामागे एक मनात फिरवून पाहिलं. चौघंही खोटं बोलत नव्हते. प्रत्येकाने दगडात तेच पाहिलं होतं, जे त्याच्याजवळ आधीपासून होतं. रोशनला धम्म, आत्याला तिची माय, विठ्ठलरावांना वखराची चूक, त्या पोराला त्याची परीक्षा. वर्गात सांगायला किती छान उदाहरण, असं क्षणभर वाटलंसुद्धा, आणि मग तिला स्वतःचीच शरम वाटली. कारण तिच्याजवळही एक होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

जुन्या घराच्या नळापाशी आईचा धुण्याचा दगड होता. काळा, उतरता, एक कोपरा उडालेला. बाबांची खाकी त्यावर आपटून आपटून आईचे हात लाल व्हायचे, ऑइल काही निघायचं नाही. छोटी दीपा समोर बसून फेस कुठवर वाहत जातो ते बघायची. आई गेली, आणि पुढच्याच वर्षी बाबांनी हे घर बांधलं. दगड तोच असला तर रोजच्या त्या पाण्याचा अर्थ उघड होता. देव नाही, पाखरं नाहीत, धुरा नाही. तिच्या मनात बाबांची आई नव्हती, तिची स्वतःची आई होती. बाबा असे होते, असंच तिला हवं होतं. इतकं हवं होतं, की तिचा तिच्यावरच विश्वास बसेना.

सकाळी रोशन चार पोरं आणि पहार घेऊन आला. धुऱ्याच्या त्या अंगाला अंकुर उभा होता, सोबत त्याचे मित्र, एकाच्या हातात हार. विठ्ठलराव मधे येऊन बसले, चांगले ऐसपैस, जणू पंगतच बसणार होती. आत्या दारात तोंडाला पदर लावून उभी.

"ताई, हो म्हण," रोशन म्हणाला.

"आधी भोवतालची माती काढ. उपटू नको. मला बघायचंय."

पहारीने माती सैल झाली. दीपा खाली बसली, हाताने माती बाजूला करत गेली. कोपरा उडालेला होता. तिने वाकून नीट पाहिलं. कोपरा डाव्या अंगाचा होता. तिच्या आठवणीतला उजव्या. पण ती तेव्हा आईच्या समोर बसायची, आईच्या बाजूने नाही. आणि दगड इथे बसवताना फिरवला असेल तर? आणि धुऱ्यावर गाडलेल्या दगडाला वखर लागून कोपरा उडत नाही का? माती काढून दगड उघडा झाला होता, आणि त्यातून काहीच कळत नव्हतं.

"मंग?" रोशन म्हणाला. "काय आहे?"

वरती सगळे तिच्याकडे बघत होते. हो म्हटलं तर दगड नाल्यात, आणि बाबा सभागृहाच्या पाटीवर. नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत त्याच्यावर पत्र्याचं छप्पर येईल, मग ओटा, मग घंटा. दोन्हीत बाबांचं नाव राहील. तांब्या घेऊन इथवर चालत येणारा माणूस मात्र दोन्हीत उरणार नव्हता.

ती उठली, घरात गेली आणि पिशवी घेऊन आली. बादली भरून आणली, साबणाची वडी, काथ्या, धोपाटणं. पिशवीचं तोंड उघडलं, शर्ट बाहेर काढला. एकदाच, पाठ वळवून, तो तोंडाशी धरला. मग पाण्यात बुडवला.

"काय करून राह्यली व दीपा?" आत्या दारातून ओरडली.

दीपाने काथ्याने दगडाचा माथा घासला. शेंदूर तेलाचा, निघता निघेना. जमेल तितका काढला, पाणी मारलं, शर्ट पसरला आणि साबण लावून धोपटायला लागली. थाप, थाप, थाप. तुरीतून पाखरं उडाली. गेलेल्या माणसाचं कापड दगडावर आपटलं जातंय हे पाहून हारवाला पोरगा दोन पावलं मागे सरला. अंकुर जागचा हलला नाही, त्याचे डोळे भरून आले होते. रोशनने पहार जमिनीला टेकवली.

खिशावर साबण घासताना बोटांना काही टोचलं. तिने खिसा उलटा केला. ज्वारीचे पाच-सहा दाणे, भिजून फुगलेले, तळहातावर आले.

"पाय!" रोशन वाकून म्हणाला. "म्हणलं नव्हतं? पाखरांचे दाणे!"

"निवद आहे तो," आत्या आता जवळ आली होती. "मरीमायले ज्वारीचाच लागते."

"अवो, हुरडा खाऊन गेलता माह्या इथून," विठ्ठलराव म्हणाले. "खिशात राह्यले असतीन."

"हुरड्याले अजून वेळ आहे आजोबा," अंकुर म्हणाला, आणि कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच थोडे हसले. गेल्या कित्येक दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

दीपाने दाणे धुऱ्यावर ठेवून दिले. शर्ट पिळला, झटकला. पाठीवर, खांद्याच्या खाली, शेंदराचा फिका डाग उमटला होता, पसरट, तळहाताएवढा. तिने पुन्हा साबण लावला, पुन्हा धोपटलं. डाग आणखी पसरला, गेला नाही. तिने शर्ट नाकाशी नेला. साबणाचा वास येत होता, फक्त साबणाचा. ते तिला ठाऊक असूनही तिने दुसऱ्यांदा हुंगून पाहिला.

तिने तो कडुनिंबांना बांधलेल्या दोरीवर वाळत घातला, डाग आत येईल असा. वाऱ्याने तो फिरला.

"ताई, कार्यक्रमात लोकं विचारतीन," रोशन हळू आवाजात म्हणाला. "दगडाचं काय सांगू?"

"धुण्याचा दगड आहे म्हणून सांग."

"काका कापडं धूत होते इथं?"

"आज मी धुतले."

"ते झालं आजचं. पण आधी? खरं काय होतं?"

"मला नाही माहीत रोशन."

तिने कधी वर्गात हे वाक्य उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

पोरं पहार घेऊन निघाली. रोशनने जाता जाता दगडाभोवतीची सैल माती पायाने आत ढकलली आणि दाबली, कुणी सांगितलं नसताना. हारवाल्या मुलाला हार कुठे ठेवावा कळेना, तो तसाच हातात घेऊन उभा राहिला.

दगडावर साबणाचा फेस साचला होता, शेंदराने भगवट झालेला. दीपाने बादलीतून तांब्या भरला. मग तिच्या लक्षात आलं, की जाणारे सगळे थांबले आहेत. आत्याने पदर सावरून हात जोडायला घेतले होते, की तिला तसं वाटलं. रोशन निंबावरच्या साळुंकीकडे बघत होता. विठ्ठलराव धुऱ्याकडे. अंकुरची मान खाली होती.

ती तांब्या धरून उभी राहिली. पण फेस तर धुवायलाच हवा होता.

तिने पाणी ओतलं.